बेरिअ‍ॅट्रिक ऑपरेशन, टाळेबंदी आणि घरातला वजनकाटा

सोनचाफा | १९ सप्टेंबर २०२०

फेब्रुवारीच्या शेवटी माझं गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवायचं (बेरिअ‍ॅट्रिक) ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११८ किलो, उंची पाच फूट दोन इंच, मधुमेह बऱ्याच वर्षांचा, आणि रात्री आडवं झालं की घशाशी आंबट. स्लीव्ह (यात जठराचा मोठा भाग काढून टाकतात) की बायपास (यात लहान केलेल्या जठरातून अन्न थेट पुढच्या आतड्यात उतरतं) यावर फार खल झाला नाही. ज्यांचं पित्त असं वर येतं त्यांचा त्रास स्लीव्हने वाढू शकतो, त्यात साखर, म्हणून सर्जननी बायपासच सुचवलं. आज ८४ आहे. अभिनंदन नको, ते नातेवाइकांनी व्हिडिओ कॉलवर भरपूर केलंय. (एका मावसजावेने "करोना होऊन गेला का गं?" असंही विचारलं.) मला बोलायचंय ते जरा वेगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑपरेशननंतर आधी नुसतं पातळ, मग मिक्सरमधून फिरवलेलं, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचं घट्ट जेवण, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर आहारतज्ज्ञ बघते, वजन घेते, काय खाल्लं विचारते. पहिल्या वर्षी ठरावीक महिन्यांनी रक्ततपासण्या. माझं मऊ जेवण सुरू व्हायला आणि २२ मार्चचा जनता कर्फ्यू यायला एकच गाठ पडली. दुसऱ्या दिवसापासून लोकल बंद. हॉस्पिटल मुंबईत, मी डोंबिवलीत. तिथून पुढे सगळं फोनवर.

खोटं कशाला बोलू, पहिले काही आठवडे मला टाळेबंदी मानवली. एप्रिल-मेमधली लग्नं रद्द, त्यामुळे "एवढंच घेतलंस? अगं एक जिलबी तरी" हा आग्रह नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये वाटीभर वरण अर्धा तास चावत बसले असते तर शंभर प्रश्न आले असते. घरी कोण विचारतंय? जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, हा नियम शाळेच्या मधल्या सुट्टीत पाळून दाखवा! घरी तो आपोआप पाळला गेला. वजन भराभर उतरत होतं.

मग एकेक गोष्ट अडायला लागली. रोज पाऊण तास चाला, असं सांगितलेलं. आमच्या ५८० चौरस फुटांत चालायचं म्हणजे बाल्कनी ते मोरी. मेमध्ये इमारतीत एक जण पॉझिटिव्ह निघाला, इमारत सील. जुलैत जरा खाली उतरायला लागलो तर कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी. बेरिअ‍ॅट्रिकवाल्यांसाठीच्या जास्त मात्रेच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या कुरियरने यायच्या, त्या थांबल्या. केमिस्टने साधं बी-कॉम्प्लेक्स दिलं आणि "हेच ते" म्हणाला. प्रोटीन पावडरचा वास जूनपासून सहन होईना. तीन महिन्यांची रक्ततपासणी झालीच नाही.

पण वजनकाटा घरात होता. गंमत म्हणा की काय, एवढ्या सगळ्यात मोजता येणारी तेवढी एकच गोष्ट होती. त्यामुळे सगळे तेच मोजत होते. नवरा सकाळी विचारणार, आई फोनवर विचारणार, हॉस्पिटलचा फोन आला की पहिला प्रश्न तोच. आकडा उतरतोय ना, मग सगळं छान. ऑगस्टमध्ये एकदाची तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ९ च्या आसपास, बी-१२ आणि डी दोन्ही तळाला, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) अगदी काठावर. केस तर पुंजक्याने जात होतेच. चौतीस किलो उतरून तिसरा मजला चढताना मांड्या लटपटतात, ११८ किलोंची असताना लटपटत नव्हत्या.

तर मला विचारायचंय ते असं. टाळेबंदीच्या आगेमागे ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांनी वजन सोडून आणखी काय सांभाळलं, आणि कसं? आमच्या घरात अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. आणि ज्यांची ऑपरेशनं अडकून पडली आहेत तेही लिहा.

---

मुळामुठा | १९ सप्टेंबर २०२०

नको म्हणालीस तरी अभिनंदन. माझं स्लीव्ह नोव्हेंबर २०१९ चं, पुण्यात. म्हणजे घट्ट जेवणापर्यंत मी सुरळीत पोचले होते, चालण्याची सवय लागली होती, आणि मग मार्च. वजनाचा काटा मे ते जुलै जागचा हलला नाही. जुलैतली ती दहा दिवसांची टाळेबंदी आठवते? पहिले पाच दिवस दूध आणि औषधं सोडून काही नाही. घरात होतं काय, तर रवा, पोहे, साबुदाणा. मी पाच दिवस उपमा आणि दूध यावर काढले. पोटाला त्रास शून्य, प्रोटीनही जवळजवळ शून्य.

केसांचं: मला चौथ्या महिन्यात सुरू झालं, आठव्या-नवव्याला थांबलं. मोठं ऑपरेशन आणि झपाट्याने उतरलेलं वजन, दोन्हींनी होतं. पण लोह कमी असेल तर लांबतं, त्यामुळे तुझं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा किती ते) बघून घे.

---

टिकोजीराव | २० सप्टेंबर २०२०

कुणाला दुखवायचं नाही, पण प्रामाणिक प्रश्न. दोन-चार लाख घालवून पोट कापून घ्यायचं, मग वाटीभर वरणावर राहायचं, मग जन्मभर गोळ्या. हेच वाटीभर वरण पोट न कापता खाल्लं असतं तर? लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीतल्या दोघांनी नुसती संध्याकाळची जेवणं बंद करून दहा-बारा किलो कमी केले.

---

भूलभुलैया | २० सप्टेंबर २०२०

टिकोजीराव, सोसायटीतल्या त्या दोघांचं वजन दोन वर्षांनी इथे येऊन सांगा, मी वाट बघतो.

मी भूलतज्ज्ञ आहे, सर्जन नाही. पण ही ऑपरेशनं डोक्याशी उभं राहून बरीच पाहिलीत. जठर लहान होणं हा त्यातला दिसणारा भाग. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण हिस्सा काढतात, त्यात वरचा फुगीर भाग जातो, आणि घ्रेलिन नावाचं भूक चेतवणारं संप्रेरक मुख्यतः तिथे बनतं. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून थेट पुढे उतरतं, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं जोरात स्रवतात. म्हणून कित्येक मधुमेहींची साखर वजन उतरायच्या आधी, पहिल्या काही दिवसांतच खाली येते. तेच वरण पोट न कापता खाल्लं की शरीर भूक वाढवतं, खर्च कमी करतं आणि गेलेलं परत मिळवायला बसतं. चाळीसच्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) गेलेल्या माणसाला "तोंडाला कुलूप लाव" सांगणं म्हणजे दम्याच्या रुग्णाला "नीट श्वास घे" सांगण्यातला प्रकार.

पण तुमच्या प्रश्नातला जन्मभर गोळ्यांचा भाग खरा आहे, आणि तो लोकांना पुरेसा सांगितला जात नाही. लोह, कॅल्शियम शोषलं जातं ते मुख्यतः आतड्याच्या त्याच पहिल्या भागात, ज्याला वळसा घातलाय. बी-१२ साठी जठरातलं आम्ल आणि तिथे तयार होणारा एक घटक लागतो, तो कमी पडतो. सोनचाफाताईंचे रिपोर्ट त्यामुळे आश्चर्याचे नाहीत. आश्चर्य याचं की ते सहा महिने कुणी पाहिले नाहीत. पण त्या काळात पाहणार तरी कोण?

वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर थोडा स्नायूही जातोच. प्रोटीन कमी आणि हालचाल बंद असेल तर तो वाटा वाढतो. घरचा काटा दोन्ही एकाच आकड्यात दाखवतो.

एक धोक्याची सूचना लिहून ठेवतो, सगळ्यांनी वाचा. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर "बाहेर करोना आहे, बघू आठवडाभर" करायचं नाही. बी-१ म्हणजे थायामिनचा साठा शरीरात फार थोडे आठवडे पुरतो. तो संपला की नजर दुहेरी होणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं इथवर जातं, आणि उशीर झाला तर कायमचं नुकसान. बायपासवाल्यांना वजन उतरल्यावर अचानक पोटात जोराची कळ आली तर तीही घरी काढायची नाही. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो.

---

बाराबंदी | २० सप्टेंबर २०२०

आमच्या घरात दुसऱ्या बाजूची गोष्ट आहे. धाकटा भाऊ, सोलापूर, वजन १४२. झोपेत श्वास अडतो, रात्री सीपॅप (हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) मशीन लावून झोपतो. ऑपरेशनची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली, पुण्यात. यकृत आकसावं म्हणून आधी दोन आठवडे फक्त पातळ आहार असतो, तो त्याने सुरूही केलेला. मग फोन: पुढचा निरोप येईपर्यंत स्थगित. पुढचा निरोप यायला जून उजाडला आणि त्यात पुन्हा "थांबा".

तोवर गडी सैल पडला. तयारी केलेली, मन घट्ट केलेलं, आणि समोर तारीखच नाही म्हटल्यावर काय धरून ठेवणार माणूस? सहा किलो वाढले. त्यात टीव्हीवर रोज लठ्ठ माणसांना करोना जास्त धोक्याचा. घरातून बाहेर पडायलाच तयार नाही. सीपॅपमुळे घरात हवेतून विषाणू पसरेल या भीतीने वहिनी पोरांना घेऊन दुसऱ्या खोलीत. जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास या महिन्यात रद्द झाला म्हणून आता पुण्याला जाणं सोपं झालंय. डॉक्टर, आता करून घ्यावं का? की लस येईपर्यंत थांबावं?

---

भूलभुलैया | २१ सप्टेंबर २०२०

बाराबंदी, मार्चमध्ये थांबवलं ते बरोबर होतं. केंद्रानेच तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगितलं होतं. खाटा, व्हेंटिलेटर, पीपीई सगळंच कमी. मेमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कोव्हिडसर्ज हा मोठा अभ्यास आला. २४ देशांतले ११२८ रुग्ण, ज्यांना ऑपरेशनच्या आगेमागे करोना झालेला निघाला. महिन्याभरात त्यातले जवळपास २४ टक्के दगावले. त्यात तातडीची, कॅन्सरची, सगळ्या प्रकारची ऑपरेशनं होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा तुमच्या भावाला लावू नका. पण आम्ही का बिचकलो ते कळेल.

आता बहुतेक ठिकाणी आधी आरटीपीसीआर, मग घरातच विलगीकरण, मग वेगळ्या वॉर्डात ऑपरेशन अशी घडी बसते आहे. थांबणंही फुकट नाही: श्वास अडणं, साखर, रक्तदाब वाढतच असतात. सर्जनला विचारा की रांगेत आधी कुणाला घेताय. श्वास अडणाऱ्यांना मागे ठेवणं योग्य नाही, असं माझं मत. आणि सीपॅप बंद करू देऊ नका! त्याला लक्षणं नसताना घरच्यांनी घाबरायचं कारण नाही, वेगळ्या खोलीत झोपला की झालं.

---

धुकंच_धुकं | २१ सप्टेंबर २०२०

लीड्सहून. इथे इंग्लंडात एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत ऑपरेशनच्या आधी बरेच महिने वजन-व्यवस्थापनाच्या वर्गांना जावं लागतं. माझे वर्ग संपत आले होते आणि मार्चमध्ये सगळं थांबलं. वर्ग मग ऑनलाइन झाले, रांग मात्र जिथल्या तिथे. चाळीसच्या वर बीएमआय म्हणून माझं नाव "जास्त धोका" वाल्यांच्या यादीत. सुरुवातीला दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. मी पस्तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं, रोज बाहेर पडले. मुभा एकदाचीच आहे म्हटल्यावर ती फुकट घालवायची नाही, हा आपला मराठी बाणा!

जुलैत पंतप्रधान जॉन्सननी स्वतःच सांगितलं की आपण करोनाने आजारी पडलो तेव्हा फारच जाड होतो, आणि देशाला वजन कमी करायला सांगितलं. त्यानंतर आमच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, "साहेब, आम्ही रांगेतच उभ्या आहोत, तुम्हीच दार लावलंय."

---

गोदाकाठ | २२ सप्टेंबर २०२०

नांदेड. स्लीव्ह, २०१८. १३१ वरून ८९ ला आलो होतो. आज ९७.

मी जेवण वाढवलेलं नाही, हे आधी सांगतो. पोट आजही दीड पोळीच्या वर घेत नाही. झालं काय की घरून काम सुरू झालं आणि लॅपटॉप ठेवला स्वयंपाकघराच्या टेबलावर. दर वीस मिनिटांनी काहीतरी तोंडात. शेव, शेंगदाणे, बायकोने केलेला केक (त्या एप्रिलमध्ये कोणाच्या घरी केक झाला नाही ते सांगा), दोन चमचे आइस्क्रीम. एकेक घास इतका लहान की पोटाला कळतच नाही, आणि मऊ-गोड पदार्थ स्लीव्हमधून सरळ घसरतात. कोंबडीचा तुकडा अडतो, आइस्क्रीम अडत नाही. दिवसभर असं चरत राहिलं की ऑपरेशन आहे तिथेच आणि तुम्ही त्याला बगल देऊन मोकळे. ऑफिसात हे शक्यच नव्हतं, तिथे डबा एक आणि सुट्टी एक.

दुसरी गोष्ट इथे कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. मेमध्ये दुकानं उघडली, मग महाराष्ट्रात घरपोच दारूही सुरू झाली. ऑपरेशननंतर दारू फार लवकर चढते. एका पेगमध्ये पूर्वीच्या दोन-तीनचं काम होतं. काही जणांचं खाण्याचं व्यसन सुटून तिथे हे येऊन बसतं. आमच्या ऑपरेशनवाल्यांच्या ग्रुपमध्ये असे दोघे आहेत. सोबत करणारं कुणी नाही, बाहेर जाणं नाही, संध्याकाळ संपत नाही. त्यांच्या घरच्यांना वाटतंय वजन कमी आहे म्हणजे सगळं ठीक.

---

टिकोजीराव | २२ सप्टेंबर २०२०

म्हणजे शेवटी तोंडच ना? मी काय वेगळं म्हणत होतो.

---

गोदाकाठ | २२ सप्टेंबर २०२०

९७ आहे हो, १३१ नाही. बीपीची गोळी बंद आहे ती बंदच आहे. तुमच्या हिशेबात हे कुठे धरता?

---

कुळीथ | २३ सप्टेंबर २०२०

आहारतज्ज्ञ आहे. सोनचाफा, तुझ्या स्वयंपाकघरापासून सुरू करते.

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन हवं. आपल्या घरांत "वरण खाते ना" म्हणून सगळे निवांत असतात. वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम. एका अंड्यात सहा. १०० ग्रॅम पनीरात अठराच्या आसपास. पेलाभर दुधात सहा-सात. सोयाचे कोरडे गोळे १०० ग्रॅमला पन्नासच्या वर, म्हणजे भिजवून बारीक केलेल्या मूठभर खिम्यातही दहा-बारा मिळतात. कुळीथ आणि हरभऱ्याचं सातू १०० ग्रॅमला वीसच्या पुढे-मागे. (माझं नाव उगीच नाही ठेवलं.) कुळथाच्या पिठाचं पिठलं मऊ असतं, अडत नाही, पावडरीच्या वासाने मळमळणाऱ्यांना मी तेच देते. दह्याऐवजी चक्का, साखर न घालता. ताटात जे प्रोटीन आहे ते आधी, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरीचा पापुद्रा. भाकरीने सुरुवात केली की संपलं, पुढे जागाच नाही.

पावडर आवडत नसेल तर पाण्यातून पिऊ नकोस, ताकात जिरेपूड घालून बघ, किंवा धिरड्याच्या पिठात मिसळ. दुधाने पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट (दुधातली साखर जवळजवळ काढलेली प्रोटीन पावडर) घे.

गोळ्या: साधं बी-कॉम्प्लेक्स हे बेरिअ‍ॅट्रिक मल्टिव्हिटॅमिनची जागा घेऊ शकत नाही. बी-१२ आत्ता इतकं खाली आहे तर डॉक्टर बहुधा इंजेक्शनच देतील, ते जवळच्या दवाखान्यातही होतं. कॅल्शियम सायट्रेट घ्यायचं, कार्बोनेट नाही, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर. लोहाची गोळी चहाबरोबर घेणाऱ्या बायका मी इतक्या बघितल्यात की आता पहिला प्रश्न तोच विचारते. लिंबूपाण्याबरोबर घे.

मांड्यांसाठी: नुसतं चालून स्नायू परत येणार नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलायच्या. ५८० चौरस फुटांत हे सगळं मावतं. फक्त हिमोग्लोबिन ९ असताना झेपेल तेवढंच, धाप लागली की थांब.

---

मुळामुठा | २३ सप्टेंबर २०२०

कुळीथताई, तुमची फी कुठे पाठवू?

अवांतर: मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या नणंदेचं वजन उतरत गेलं आणि गोळ्या जुन्याच मात्रेत चालू, कारण फोनवर कुणी विचारलं नाही. एका दुपारी घाम फुटून खाली बसली. साखर ५४. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच, उठताना चक्कर येत असेल तर मात्रा कमी करायची वेळ झाली असं समजा आणि डॉक्टरांना विचारा. साखर आणि बीपी मोजायची यंत्रं घरी ठेवता येतात. वजनकाट्याच्या शेजारी ती दोन ठेवा.

---

सोनचाफा | २५ सप्टेंबर २०२०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बी-१२ चं इंजेक्शन सुरू झालं. कुळथाचं पिठलं अंगाला लागतंय, नवराही खातोय, वर "आज पुन्हा?" असंही म्हणतोय. भूलभुलैया, थायामिनचं मला एकाही फोनमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

बाराबंदी, तारीख मिळाली की नक्की कळवा.

---

सोनचाफा | ९ मे २०२१

धागा वर काढतेय, कारण आहे. एप्रिलमध्ये घरात आम्हा तिघांनाही करोना झाला. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला नाही, घरीच निभावलं. पण ज्यांचं बायपास झालंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

ताप-अंगदुखीसाठी जवळच्या डॉक्टरांनी फोनवर गोळ्या लिहून दिल्या, त्यात एक जोरदार वेदनाशामक होतं. त्यांना माझं ऑपरेशन माहीत नव्हतं आणि त्या गडबडीत त्यांनी विचारलंही नाही, दिवसाला शंभर फोन घेत होते बिचारे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या बायपासनंतर चालत नाहीत, जठर-आतड्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं. मी सर्जनच्या टीमला विचारून बदलून घेतलं. ही ओळ मोठ्या अक्षरांत फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण आजारात आपल्याला बोलायचं भान नसतं.

दुसरं, चव-वास गेला आणि खाणं आणखी आटलं. दोन आठवड्यांत चार किलो उतरले, ७५ वर आले. शेजारच्या काकू मास्कआडून म्हणाल्या, "आता कशी छान दिसतेस!" त्या चार किलोंत चरबी किती असेल ते मला ठाऊक आहे.

---

बाराबंदी | १० मे २०२१

ताई, काळजी घ्या. भावाचं डिसेंबरमध्ये झालं, स्लीव्ह. आज ११० च्या खाली आहे. सीपॅपचा दाब कमी केलाय. यावेळी आम्ही सर्जनकडून रक्ततपासणीच्या तारखा आधीच लिहून घेतल्या आणि सोलापुरातल्याच लॅबला ठरवून ठेवलं. आता एप्रिलपासून पुन्हा सगळं बंद झालं तरी मार्चचे रिपोर्ट हातात होते. हा धागा वाचून केलं, म्हणून सांगतो.

---

भूलभुलैया | १२ मे २०२१

आयसीयूत आहे, थोडक्यात लिहितो. ऑपरेशन ठरलेलं असताना करोना झाला तर निदान सात आठवडे थांबा, मार्चमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाचा तोच सूर आहे. स्टेरॉइड दिली गेली असतील तर साखर वाढते, ऑपरेशननंतर "माझा मधुमेह गेला" म्हणणाऱ्यांनीही त्या दिवसांत मोजावी. स्टेरॉइड चालू असताना बायपासवाल्यांनी आम्ल कमी करणारी गोळी लागेल का हे विचारून घ्यावं. लस घ्या. मिळेल ती, मिळेल तेव्हा.

---

गोदाकाठ | १२ मे २०२१

लॅपटॉप बेडरूममध्ये हलवला. ९३.

---

रंकाळा_फेरी | ३ नोव्हेंबर २०२२

सगळा धागा एका बैठकीत वाचला. बहिणीचं बायपास पुढच्या महिन्यात आहे, कोल्हापुरात. वय ३१, लग्नाला चार वर्षं, पीसीओडी आहे. दोन प्रश्न. विमा कंपनी आधी नाही म्हणाली, एजंट म्हणतो "वजनाचं ऑपरेशन कॉस्मेटिक धरतात". खरं का? आणि सोनचाफाताई, आता तुमचं वजन किती आहे? खरं सांगा, बहिणीला खरंच ऐकायचंय.

---

मुळामुठा | ३ नोव्हेंबर २०२२

बहिणीला एक नक्की सांग. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता एकदम वाढते. पण पहिले १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायचं असतं, बाळाला द्यायला शरीरात पुरेसं काही नसतं. बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय ऑपरेशनच्या आधीच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. आमच्या ग्रुपमध्ये २०२० च्या टाळेबंदीतली अशी दोन बाळं आहेत. दोन्ही गोंडस आहेत, पण आयांचे नऊ महिने फार कठीण गेले.

---

सोनचाफा | ४ नोव्हेंबर २०२२

रंकाळा_फेरी, आधी वजन. आज ७९. सगळ्यात कमी ७४ होतं, २०२१ च्या पावसाळ्यात. पाच किलो परत आले. घाबरले होते, तेव्हा भूलभुलैयांनी मला व्यक्तिगत निरोपातून स्वीडनच्या एका जुन्या मोठ्या अभ्यासातले आकडे दिले. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं, आणि दहा वर्षांनी हिशेब केला तेव्हा २५ टक्के टिकून होतं. म्हणजे थोडं परत येणं हे धरूनच चालायचं. त्या पाचांपैकी थोडा तरी स्नायू असावा, असं मला वाटतं. जिना चढताना मांड्या आता लटपटत नाहीत आणि शाळेत तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग मी मागून घेतलाय. बी-१२ चं इंजेक्शन अजून चालू आहे, लोह मध्येच घसरतं. साखरेची एक गोळी राहिली आहे, इन्सुलिन गेलं.

विम्याचं: एजंट जुन्या जमान्यात आहे. आता विमा नियामकाच्या प्रमाणित अटींमध्ये हे ऑपरेशन निकषांत बसलं तर सरसकट वगळता येत नाही. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा जास्त. अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही, आणि आधीचे साधे उपाय करून झालेले असणं. नुसत्या पीसीओडीवर पस्तीसचा निकष बसत नाही, त्यामुळे बीएमआय किती ते आधी बघा. प्रतीक्षा काळ पॉलिसीत असतो, तोही वाचा. नकार दिलाच तर तो तोंडी घेऊ नका, लेखी मागा, कलम क्रमांकासह. मग त्यांच्या तक्रार निवारण कक्षाकडे, तिथे नाही जमलं तर विमा लोकपाल. आधीच्या आहार-औषधांच्या नोंदी, जुनी प्रिस्क्रिप्शनं, श्वासाची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट, सगळं गोळा करायला आजच लागा. महिना पटकन जातो.